अवधाण

बाभळीचा काटा चपलेतूनही वर येतो, आणि त्या दिवशी माझ्या पायात चप्पलही नव्हती. १९९४ चा भादवा. झरीच्या आमच्या काळ्या रानात पावसाने उघडीप दिली होती, पण बांधाकडेचा चिखल अजून वाळला नव्हता. काळ्या मातीच्या चिखलात चप्पल घालून चालायचं म्हणजे दर पावलाला शेरभर माती उचलायची. म्हणून चपला हातात धरून मी मुगाच्या शेंगा तोडणाऱ्या बायकांच्या मागे पळत होते. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली, तळव्याचा जो मऊ उंचवटा असतो तिथे, कच्चकन काहीतरी रुतलं. खाली बसून उपटलं. अर्धा काटा हातात आला. उरलेला अर्धा आत मोडून राहिलाय हे कळलंच नाही. कळलं असतं तरी घरी सांगितलं नसतं, कारण आजी काटा काढायची तो गोधडीच्या सुईने.

तिसऱ्या दिवशी रात्री अंग कसकसलं. कूस बदलताना जांघेत हात गेला, तर तिथे गाठ. सुपारीएवढी, दाबली की दुखणारी.

एरवी नऊ वर्षांच्या पोरीच्या जांघेत गाठ आली तर कुणाची झोप उडत नाही. पण ते दिवस निराळे होते. शेजारच्या बीड जिल्ह्यात, मामला नावाच्या गावात प्लेगचे रोगी सापडल्याचं आकाशवाणीच्या बातम्यांत सांगत होते. पाठोपाठ सुरतेची बातमी आली आणि माणसं मिळेल त्या गाडीने सुरत सोडून निघाली. आमच्याकडेही लोक तोंडाला रुमाल बांधून एसटीत बसू लागले. आदल्याच वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपाने सगळा मराठवाडा हादरला होता. त्यातून माणसं सावरतात न सावरतात तोच हे. म्हातारी माणसं 'प्लेग' म्हणत नव्हती, 'गाठीचा ताप' म्हणत होती. म्हणून त्या रात्री मी आईला हाक मारली तेव्हा गाठ हा शब्द माझ्या तोंडून नीट निघेना.

आई आजीला उठवायला गेली. लाइट नव्हतीच. आजी चिमणी घेऊन आली, माझ्या शेजारी बसली आणि झग्याखाली हात घालून तिने ती गाठ चाचपली. बराच वेळ चाचपत राहिली. तिचा हात खरखरीत होता आणि थंड. ती काही बोलत नव्हती. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती, तीही काही बोलत नव्हती. आजीच्या लहानपणी, निजामाच्या राज्यात, गावात उंदीर पडायला लागले की माणसं घरं सोडून रानात खोपट्या टाकून राहायची. अशाच एका खोपटीत तिचा पाठचा भाऊ गेला होता. सांजच्याला गाठ उठली आणि तिसऱ्या दिवशी पोर हातचं गेलं. हे तिने मला फार नंतर सांगितलं. त्या रात्री मला फक्त तिचा हात थांबलेला कळला.

मग ती एकदम म्हणाली, "पाय बघू."

उजवा पाय मांडीवर घेऊन तिने तळव्यावर अंगठा दाबत आणला. अंगठ्याखालच्या उंचवट्यावर आला तशी मी किंचाळले. तिथली कातडी लाल, तापलेली, मधोमध पिवळट टिपका. "हाय. हाय हितं," आजी म्हणाली आणि तिचा आवाज बदलला. "अवधाण हाय व माय. काटा हाय पायात, त्याचं अवधाण. दुसरं काही न्हाई." आई चौकटीपाशीच खाली बसली.

सुई चिमणीवर तापली. आजीने टिपक्याच्या कडेने कातडी हलकेच उचलली. आधी पुवाचा एक थेंब आला, दाट, साईच्या रंगाचा. त्यामागोमाग, कुणी आतून ढकलल्यासारखं, काट्याचं टोक वर आलं. काळं, ओलं, तिळाच्या दाण्याहून थोडं लांब. आजीने ते माझ्या तळहातावर ठेवलं. एवढंसं ते. त्याच्यासाठी माझं अख्खं अंग तीन दिवस जागं होतं.

त्या तीन दिवसांत आत काय चाललं होतं, हे मला पुढे शिकायला मिळालं. परभणीला विज्ञान शाखेत गेले आणि एका सकाळी स्वतःच्याच बोटाच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, लिशमनच्या रंगात रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. गुलाबी तांबड्या पेशींची नुसती रास, आणि त्यात मधूनच एखादी पांढरी. 'पांढरी' म्हणायची, पण रंगवल्यावर तिचं केंद्रक जांभळं दिसतं. न्यूट्रोफिलचं केंद्रक तीन-चार पाळ्यांचं असतं, पाळ्या बारीक दोऱ्याने एकमेकींना बांधलेल्या. अशी सैलसर गाठोडी बांधलेली वस्तू अरुंद फटीतूनही निघते. रक्तवाहिनीच्या भिंतीतून ही पेशी अंग चोरत बाहेर पडते ती अशीच. हाडांच्या मज्जेत अशा पेशी रोज दहा हजार कोटींच्या आसपास तयार होतात. त्यांचं आयुष्य काही तासांचं, फार तर काही दिवसांचं. काट्याबरोबर जंतू आत शिरले की जखमेतल्या पेशी रसायनं सोडतात, त्यांनी तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि जागा लाल होते, तापते, सुजते, ठणकते. न्यूट्रोफिल त्या वासावर येतात, जंतूंना वेढतात, पोटात घेतात आणि तिथेच मरतात. आजीच्या सुईपुढे आलेला तो साईच्या रंगाचा थेंब म्हणजे बव्हंशी त्यांचीच प्रेतं. पुवाला आपण घाण म्हणतो. मला त्या दिवसापासून तसं म्हणवत नाही.

हे सगळं जगात पहिल्यांदा ज्याने ओळखलं त्यानेही काटाच वापरला होता. इल्या मेचनिकॉव्ह. १८८२ साली तो सिसिलीतल्या मेसिना गावी राहत होता. घरची मंडळी सर्कस बघायला गेली होती, तो एकटा सूक्ष्मदर्शकाशी बसला होता. तारामाशाची अळी काचेसारखी पारदर्शक असते, आत हिंडणाऱ्या पेशी जिवंतपणी दिसतात. त्याच्या मनात आलं, या हिंडणाऱ्या पेशी शरीराची राखण तर करत नसतील? तसं असेल तर आत कुसळ घुसवलं की त्या त्याच्याभोवती गोळा व्हायला हव्यात. माणसाच्या बोटात काटा रुतल्यावर होतं तसंच. त्याने बागेतून गुलाबाचे काटे आणले, अळीच्या कातडीखाली सरकवले. रात्रभर त्याला झोप आली नाही. पहाटे पाहिलं तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला. पुढे १९०८ साली पॉल एर्लिख यांच्याबरोबर त्याला नोबेल मिळालं, पण मला त्या पारितोषिकापेक्षा ती न झोपलेली रात्र जवळची वाटते. काट्यापायी जागलेली आणखी एक रात्र.

पुस्तकांत ही सगळी हकिगत लढाईची म्हणून सांगतात. सैनिक, शत्रू, आघाडी, शस्त्रं. पोरांना शिकवायला ते सोपं पडत असेल. पण मला ते कधी रुचलं नाही, कारण माझ्याकडे त्याआधीपासून आजीचा शब्द होता.

अवधाण. पायाला जखम झाली की जांघेत, हाताला झाली की काखेत जी गाठ येते, तिला आमच्याकडे कुणी अवधाण म्हणतं, कुणी अवधान. दोन शब्दांची कुळं एक की वेगळी, हे भाषेच्या जाणकारांनी ठरवावं. आजीच्या तोंडी मात्र त्यांत फरक नव्हता. देवळात ज्ञानेश्वरीचं पारायण बसायचं, नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात तिथे वाचणारा थांबायचा, आणि मला जांघ आठवायची. लहानपणी मला खरंच वाटायचं की लक्ष देऊन ऐकलं की अंगात कुठेतरी गाठ येत असेल.

ते फारसं खोटं नव्हतं. शरीरात रक्ताच्या वाहिन्यांशिवाय आणखी एक जाळं असतं, लसिकेचं. पेशींच्या मधल्या फटींतलं पाणी त्यातून हळूहळू वर जातं. वाटेत ठिकठिकाणी घेवड्याच्या दाण्याच्या आकाराच्या गाठी असतात, साऱ्या अंगात मिळून सहाशेच्या आसपास. एरवी हाताला लागत नाहीत. कातडीखाली एक फांद्याफांद्यांची पेशी बसलेली असते, डेन्ड्रायटिक म्हणतात तिला. जंतूचा तुकडा तिने उचलला की ती आपली जागा सोडते, लसिकेच्या वाहिनीत शिरते आणि पायापासून जांघेपर्यंतची वाट चालू लागते. जंतूला मारणं हे तिचं मुख्य काम नव्हे. काय घडलंय ते सांगायला ती निघालेली असते.

गाठीत टी पेशी आणि बी पेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात. प्रत्येकीच्या अंगावर एक घाट कोरलेला, ज्यात कुठला तरी एकच आकार बसेल. हे घाट जंतू पाहून घडवलेले नसतात. पेशी जन्मतानाच आपल्या जनुकांचे तुकडे कापून, पत्ते पिसावेत तसे पिसून, पुन्हा जोडते. सुसुमु तोनेगावा यांनी हे दाखवलं, १९८७ चं नोबेल त्याबद्दलच. त्यामुळे अजून न भेटलेल्या, कदाचित कधीच न भेटणाऱ्या जंतूसाठीही कुणीतरी आत बसलेलं असतं. फांद्यांची पेशी आपल्या हातातला तुकडा एकेका टी पेशीपुढे धरते. लाखात एखादीच म्हणते, हा माझा. मग ती वाढू लागते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, दिवसातून दोन-तीन वेळा. गाठीकडे येणारं रक्त वाढतं, आलेल्या पेशी काही काळ बाहेर सोडल्या जात नाहीत. घेवड्याच्या दाण्याची सुपारी होते. आजीच्या हाताला लागली ती ही सुपारी. सारं अंग एका गोष्टीकडे कान देऊन बसलं की दिसतं ते असं.

आणि प्लेगचं क्रौर्य नेमकं इथेच. पिसूच्या चाव्यातून आत आलेला जंतू भक्षक पेशींच्या पोटात मरत नाही, त्यांच्याच पोटात बसून गाठीपर्यंत येतो आणि गाठीतच वाढतो. ऐकायची जागाच तो ताब्यात घेतो. दोन्ही गाठी एकाच ठिकाणी येतात. एक शरीर ऐकतंय म्हणून, दुसरी ते ऐकणं संपत आलंय म्हणून. आजीचा हात अंधारात त्या दोन्हींमधला फरक शोधत होता. गाठीवरून तिला तो कळला नाही, पायावरून कळला. गाठीला कारण आहे का, एवढंच तिने पाहिलं. नंतरच्या आयुष्यात मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली, पण माझ्या लेखी तपासणी म्हणजे अजूनही ते "पाय बघू."

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा लस करायला जो माणूस धावून आला, तो वाल्डेमार हाफकिन, काटेवाल्या मेचनिकॉव्हचाच ओडेसातला विद्यार्थी. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एका खोलीत बसून त्याने जंतू वाढवले, तापवून मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता. दोन महिन्यांचं अंतर. या दोन दहा तारखा मी शेजारी शेजारी ठेवून पाहते तेव्हा घशात काहीतरी दाटतं. हाफकिनची प्रयोगशाळा पुढे परळला गेली, ती १९२५ पासून त्याच्याच नावाने चालते.

काटा निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी आई मला आरोग्य केंद्रात घेऊन गेली. नर्सबाईंनी दंडात धनुर्वाताची सुई दिली. मला तेव्हा वाटलं, काटा तर निघाला, आता कशाला? धनुर्वाताचे जंतू शेणामातीत बीजासारखे पडून असतात आणि खोल, हवा न लागणाऱ्या जखमेत जागे होतात. त्यांचं विष इतकं जालीम की माणूस मारायला जेवढं पुरतं, तेवढं शरीराला धडा शिकवायला पुरत नाही. म्हणून धनुर्वातातून जगून उठलेल्यालाही तो पुन्हा होऊ शकतो. शरीर जी गोष्ट स्वतः शिकू शकत नाही ती त्याला बाहेरून, निर्विष करून, सावकाश सांगावी लागते. जखमेतून पाझरते तिलाही मराठीत लस म्हणतात आणि दंडात टोचतात तिलाही लसच. शब्द कुणी जोडला ते ठाऊक नाही, पण जोडणाऱ्याने दोन्हीकडे नीट पाहिलं होतं.

आजीच्या दंडावर दोन गोल खळगे होते, नाण्याएवढे, आत किरणांसारख्या सुरकुत्या. तिच्या लहानपणी देवी काढल्याच्या खुणा. देवी काढणारा आला की बाया पोरं कणगीमागे लपवायच्या, असं ती सांगायची. तिला लपवायला कणगी सापडली नाही आणि ती वाचली. तिच्या मैत्रिणीच्या तोंडावर देवीचे वण होते, एक डोळा गेलेला. त्या दोघी दुपारी ओट्यावर वाती वळत बसायच्या. एकीने पाहुणी दारातूनच परतवली होती, दुसरीच्या घरी ती राहून गेली होती. १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा रोगी नाही, १९८० साली जगच त्यातून मोकळं झाल्याचं जाहीर झालं. पण आजीच्या हाडांच्या मज्जेत, तिच्या गाठींमध्ये, त्या रोगाची आठवण धरून बसलेल्या पेशी होत्याच. लस टोचल्याला पन्नास वर्षं उलटल्यावरही माणसांच्या रक्तात अशा स्मृतिपेशी सापडल्या आहेत. शेवटच्या दोन वर्षांत आजी माझं नाव विसरली, आईला स्वतःची बहीण समजू लागली. मी तिच्या दंडावरच्या त्या खळग्यावर बोट फिरवायची. म्हणायची, आत कुणीतरी काहीतरी विसरलेलं नाही.

आता आईचं सांगते. ते सांगायला हवं म्हणूनच इतकं आठवत बसले.

चार वर्षांपूर्वी आईची बोटं सकाळी वळेनाशी झाली. दोन्ही हातांची, मधल्या पेरांची. पाण्याचा तांब्या धरवेना. परभणीच्या डॉक्टरांनी रक्त तपासून आमवात सांगितला. सांध्यांच्या अस्तरात टी पेशी, बी पेशी, भक्षक पेशी गोळा झाल्यात, तिथे काटा नाही, जंतू नाही, तरी गोळा झाल्यात. आईने शांतपणे ऐकलं आणि एसटीत बसल्यावर मला विचारलं, "मी कोण हाय तेच कळंना झालं का त्यान्ला?"

तिचा प्रश्न शास्त्राचाच प्रश्न होता. टी पेशी छातीच्या हाडामागे थायमस नावाच्या ग्रंथीत शिकतात. तिथे त्यांना आपल्याच शरीराचे तुकडे दाखवतात. जी पेशी आपल्या माणसावर उठेल तिला तिथेच संपवतात. शंभरातल्या जेमतेम दोन ते पाच बाहेर पडतात. तरी काही चुकार सुटतात. त्यांना आवरायला आणखी एक जात असते, नियामक टी पेशींची. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये ती दाखवली, आणि २०२५ चं नोबेल त्यांना मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्याबरोबर मिळालं. रानात रात्रीची जागल करणाऱ्याने नुसतं जागं राहून भागत नाही. वाऱ्याने ताट हललं की डुक्कर शिरलं, हे दोन त्याला वेगळे कळावे लागतात. आईच्या सांध्यांत कुणीतरी अंधारात वाऱ्यावर गोफण फिरवत बसलंय. एसटीत मी तिला एवढंच म्हणाले, "कळतं गं. थोड्यांना विसर पडलाय." तिने खिडकीबाहेर पाहत मान हलवली. तिला माझं म्हणणं पटलं नव्हतं, मला वाईट वाटू नये म्हणून हलवली.

आठवड्याला एकदाच घ्यायची गोळी आहे. तिने रविवार धरलाय. भिंतीवरच्या कालनिर्णयात रविवारच्या चौकोनात ती फुली मारते, फुली मारताना पेन मुठीत धरते. गोळी लक्ष थोडं मंद करते, सगळंच नाही. म्हणून ताप आला, खोकला आला की आम्ही वाट बघत नाही, लगेच दवाखाना. वहिनी गरम पाण्याचं घमेलं सकाळी तिच्यापुढे ठेवते. त्यात ती हात बुडवून बसते, डोळे मिटून, आणि एकेक बोट उघडायची वाट पाहते. परवा मी तिच्याजवळ बसले होते. पाण्याखाली तिची बोटं फुगलेली दिसत होती. मी त्यांतलं एक हातात धरलं, पेरावर दाबलं. गरम होतं. पाण्यामुळे की आतून, ते कळेना.

"आज बरं हाय," ती म्हणाली. हात पुसून चुलीकडे गेली. वहिनीला बाजूला सारून तिने परातीत ज्वारीचं पीठ घेतलं, आधणाचं पाणी घातलं, मळलं. एकच भाकरी करते म्हणाली. बोटं सरळ होत नव्हती, म्हणून तळहाताच्या कडेने थापत राहिली, परात फिरवत, हळूहळू. भाकरी थोडी लांबट झाली, एका कडेला जाड. तव्यावर टाकताना तिने ओठ दाबले. उलटली, निखाऱ्यावर टेकवली, आणि ती फुगली. आईने हात न झटकता माझ्याकडे बघितलं आणि ताट पुढं कर म्हणाली.